कलापुरात प्रेक्षक कोण?

कोल्हापूरला 'कलापूर' म्हणण्याची रीत जुनी आहे. कोणत्याही चित्रप्रदर्शनाच्या उद्घाटनाला गेले की हा शब्द पहिल्या पाच मिनिटांत कानावर येतो. त्यामागोमाग नावे येतात : आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर, आनंदराव पेंटर, माधवराव बागल, रवींद्र मेस्त्री, चंद्रकांत मांढरे. राजर्षी शाहूंनी कलेला दिलेल्या आश्रयाचे स्मरण होते, पाहुणे फीत कापतात आणि मंडळी दालनात शिरतात. नावे खरी आहेत आणि आश्रयही खरा आहे. त्याबद्दल वाद घालण्याचे कारण नाही. प्रश्न निराळा आहे. या साऱ्या समारंभात चित्रासमोर उभा राहणारा माणूस कोण असतो?

चित्राची समीक्षा होते, चित्रकाराची होते. प्रेक्षकाची कोणी करीत नाही. तो गृहीत धरलेला असतो. दलित साहित्याने मराठी वाङ्मयाला जे प्रश्न विचारले, म्हणजे कोण लिहितो, कोणाविषयी लिहितो आणि कोणासाठी लिहितो, ते खरे पाहता साहित्यापुरते नव्हते. साहित्यात त्या प्रश्नांतून नवा विचार उभा राहिला. शरद पाटील यांनी 'अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९८८) मांडले, शरणकुमार लिंबाळे यांनी 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) लिहिले. वाद झाले, नकार आले, प्रतिवाद झाले. चित्रकलेच्या बाबतीत मात्र जिल्ह्याच्या गावात हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. अस्पृश्यता आणि देवदासी यांना चित्राचा विषय करणारे सावी सावरकर दिल्ली-मुंबईच्या कलावर्तुळात ठाऊक आहेत. मुंबईच्या सफाई कामगारांचे जिणे छायाचित्रांतून मांडणाऱ्या सुधारक ओलवे यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. पण आपल्या गावात भरणाऱ्या चार-पाच दिवसांच्या प्रदर्शनाकडे आपण चळवळीच्या नजरेने पाहिलेले नाही. येथे कोल्हापूरचे उदाहरण घेतो आहे, कारण हे शहर मी जवळून पाहिले आहे. इतर जिल्ह्यांतील वाचकांनी आपापल्या गावाशी ते ताडून पाहावे.

परंपरा कोणाची?

पहिली गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. कोल्हापूरची चित्रपरंपरा ही पुण्यामुंबईच्या अर्थाने अभिजनांची परंपरा नाही. आबालाल रहिमान मुसलमान होते. बाबूराव पेंटर सुताराच्या घरात जन्मले. त्यांचे खरे आडनाव मेस्त्री. कोणत्याही कलाशाळेची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. चुलतभाऊ आनंदरावांबरोबर ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवीत. पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढून त्यांनी 'सैरंध्री' (१९२०) केला आणि 'सावकारी पाश' (१९२५) मध्ये सावकाराने नागवलेला शेतकरी पडद्यावर आणला. ज्या काळात पडद्यावर देवदेवतांची वर्दळ होती, त्या काळात कर्जात बुडालेल्या कुणब्याला नायक करणे ही लहान गोष्ट नव्हती. माधवराव बागल यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षण घेतले, पण वारसा त्यांचा सत्यशोधकी. वडील खंडेराव बागल 'हंटर' पत्र चालवीत. ही माणसे ब्राह्मणी कलाविचाराची पालखी वाहणारी नव्हती.

मग आपली तक्रार काय? तक्रार अशी की या बहुजन परंपरेचा वारसा सांगणाऱ्यांनी तिच्यातील कष्टाचा भाग विसरून फक्त कीर्तीचा भाग ठेवून घेतला. 'पेंटर' हा शब्दच पाहा. बाबूरावांना हे नाव त्यांच्या धंद्यावरून मिळाले. पडदे रंगवणारा तो पेंटर. आज त्या नावाला शहर हात जोडते. पण वस्तीत पाट्या रंगवणारा, ट्रकच्या पाठीवर अक्षरे काढणारा, निवडणुकीत भिंती रंगवणारा, जयंतीचे कापडी फलक करणारा माणूस, त्यालाही लोक 'पेंटर'च म्हणतात. शब्द तोच आहे. एका पेंटरची जयंती होते. दुसऱ्याला दालनात कोणी बोलावीत नाही.

आमच्या वस्तीत असे एक पेंटर होते. बाबासाहेबांचे मोठे चित्र करायचे झाले की ते लहानशा छायाचित्रावर पेन्सिलीने चौकटी आखीत, तितक्याच चौकटी मोठ्या कापडावर आखीत आणि एकेक घर भरीत पुढे जात. चष्म्याच्या काचेवरचा उजेड ते सर्वांत शेवटी काढीत. तो ठिपका पडेपर्यंत चित्रातला माणूस पाहत नाही, असे त्यांचे म्हणणे. आम्ही पोरे तो ठिपका पडण्याची वाट पाहत उभी असू. माझ्या पिढीतील कितीतरी दलित मुलांनी चित्र पाहायला शिकले ते असे, रस्त्याच्या कडेला, रंगाच्या डब्याशेजारी. आमच्या घरात कॅलेंडरावरचा बुद्ध आणि बाबासाहेबांचा फोटो याखेरीज चित्र नव्हते. पुढे फ्लेक्स आला. तासाभरात छापून मिळणाऱ्या फलकापुढे चार दिवसांची कारागिरी टिकली नाही. गावोगावचे पेंटर घरी बसले, कोणी रिक्षा धरली, कोणी घरांना चुना-रंग देऊ लागला. एका लोककलेचा व्यवसाय डोळ्यांदेखत बुडाला आणि 'कलापुरा'त त्याची साधी शोकसभाही झाली नाही.

दालनातील चित्रे

आता दालनात काय असते ते पाहू. गेल्या काही वर्षांत या शहरात जी प्रदर्शने पाहिली, त्यांत सर्वांत अधिक दिसले ते निसर्गचित्र. पंचगंगेचा घाट, रंकाळ्यावरची संध्याकाळ, पन्हाळ्याची तटबंदी, पावसात भिजलेली कौलारू घरे, देवळाच्या शिखरामागचे आभाळ. हात तयार आहेत, यात शंका नाही. जलरंगात पाण्यावरचा उजेड पकडणे सोपे नसते, आणि तो पकडणारे तरुण या शहरात आजही आहेत. आबालालांपासून चालत आलेली ती शिदोरी आहे.

पण ही गावे कोठे उभे राहून पाहिलेली आहेत? बहुतेक चित्रांत गाव दिसते ते वेशीच्या आतून. गावकुसाबाहेरची घरे चौकटीबाहेर राहतात. घाटावर घागर घेतलेली बाई मात्र हमखास असते. ती पाण्याकडे निघालेली असते, तिच्या पदरावर ऊन असते, आणि चित्र गोड होते. पाणवठ्याचा इतिहास ज्यांच्या घरात आहे त्यांना हे चित्र इतके गोड वाटणे कठीण आहे. पाण्याला हात लावण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडला हजारोंच्या समुदायाला चवदार तळ्यावर चालत जावे लागले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवगीतात सूर मिसळायला साफ नकार दिला. तो नकार आमच्या साहित्यात आला. आमच्या निसर्गचित्रात तो अजून यायचा आहे.

निसर्गचित्रात जात दाखवा, असा माझा हट्ट नाही. झाडाला जात नसते आणि ढगालाही नसते. परंतु चित्रकार कोठे उभा राहतो, याला समाजात अर्थ असतो. महारवाड्याच्या उंबऱ्यावरून दिसणारे देऊळ आणि वाड्याच्या माडीवरून दिसणारे देऊळ ही दोन निराळी चित्रे आहेत, रंग तेच वापरले तरी. उभे राहण्याची जागा बदलून पाहा, एवढेच सांगणे आहे.

दुसरी गोष्ट व्यक्तिचित्रांची. प्रदर्शनातील व्यक्तिचित्रे दोन प्रकारची असतात. एका प्रकारात खाली नाव असते : अमुक साहेब, तमुक उद्योगपती, अमुक घराण्याचे मूळ पुरुष. दुसऱ्या प्रकारात नाव नसते. खाली लिहिलेले असते 'वृद्ध', 'श्रमिक', 'कष्टकरी स्त्री', 'धनगर'. सुरकुत्या बारकाईने काढलेल्या असतात, हातांच्या शिरा दिसतात, फेट्याचा पीळन्पीळ मोजून घ्यावा असा असतो. पण हा माणूस चित्रकारासमोर दोन-चार तास बसला असेल, तर त्याला नाव असलेच पाहिजे. ते लिहावेसे वाटले नाही. ज्याने पैसे देऊन चित्र काढून घेतले त्याचे नाव राहिले, आणि ज्याच्या चेहऱ्यामुळे चित्राला बक्षीस मिळाले तो 'अभ्यास' म्हणून उरला. माणसाला नाव नाकारणे ही वर्णव्यवस्थेची फार जुनी सवय आहे. चांगल्या मनाच्या चित्रकाराच्या हातूनही ती सुटत नाही, याचे कारण ती हातात नसून पाहण्यात आहे.

खुले आणि सार्वजनिक

या टीकेला एक उत्तर नेहमी मिळते : दालन सर्वांना खुले आहे, तिकीट नाही, कोणालाही मज्जाव नाही. हे उत्तर खोटे नाही. पण अपुरे आहे.

महाविद्यालयातील माझे विद्यार्थी बहुतेक खेड्यांतून एस.टी.ने येतात. एकदा काही जणांना एका प्रदर्शनाला पाठवले. दुसऱ्या दिवशी विचारले तेव्हा कळले की निम्मे जण दारातून परत आले. त्यांतील एक मुलगा आदल्या दिवशी मला विचारूनही गेला होता, "सर, आत गेलं तर चालतंय का?" त्याला कोणी अडवले नव्हते. आतल्या गारव्याने, पॉलिश केलेल्या फरशीने, इंग्रजीत लिहिलेल्या चिठ्ठ्यांनी, हळू आवाजात बोलणाऱ्या चार माणसांनी आणि चित्राशेजारच्या किमतीच्या आकड्याने त्याला सांगितले की ही जागा तुझी नाही. पायातल्या चपलेकडे पाहणारा माणूस दारात उभा असावाच लागतो असे नाही. ज्याच्या आजोबांनी हॉटेलाबाहेर उभे राहून वरून ओतलेला चहा घेतला, त्याच्या अंगात तो माणूस आधीच उभा असतो.

म्हणून मी दोन शब्दांत फरक करतो. 'खुले' म्हणजे ज्याला बंदी नाही. 'सार्वजनिक' म्हणजे ज्यावर सर्वांचा हक्क आहे आणि तो हक्क बजावण्यासाठी कोणीतरी हेतुपूर्वक झटलेले आहे. खुली जागा आपोआप सार्वजनिक होत नाही. हे समजायला कोल्हापूरकरांना परदेशी ग्रंथ उघडण्याची गरज नाही. याच शहराच्या इतिहासात त्याचे दोन धडे आहेत.

पहिला धडा चहाच्या हॉटेलाचा. गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पदरी पागेत नोकर होते. पाण्याला शिवल्याच्या कारणावरून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगाराम यांना स्वतंत्र धंदा काढायला मदत केली. भाऊसिंगजी रोडवर त्यांचे 'सत्यसुधारक' हॉटेल उभे राहिले. हॉटेल खुले होते. गावातले सवर्ण मात्र तिकडे फिरकेनात. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तेथे चहा घेऊ लागले, आणि बरोबरच्या सरदार-अधिकाऱ्यांनाही तो चहा घ्यावा लागला. ही घटना आपण महाराजांच्या थोर मनाची गोष्ट म्हणून सांगतो. ती आहेच. पण तिच्यातील कार्यपद्धती अधिक महत्त्वाची आहे. महाराजांनी 'हॉटेल सर्वांना खुले आहे' अशी पाटी लावून समाधान मानले नाही. ज्यांची पावले अडत होती त्यांना त्यांनी आत नेले. १९१९ मध्ये विहिरी, शाळा, दवाखाने अशा सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळू नये असे हुकूम त्यांनी काढले. पण हुकमाच्या कागदाला या चहाची जोड होती. कागद आणि चहा या दोहोंमिळून जागा सार्वजनिक झाली.

आणि त्यात गंगाराम कांबळे यांचा वाटा विसरता कामा नये. मार खाल्लेला माणूस पुन्हा त्याच शहरात, हमरस्त्यावर, स्वतःच्या हाताने केलेला चहा विकायला उभा राहतो, यालाही धैर्य लागते. आश्रय देणारा मोठा होता. आश्रयाचे हक्कात रूपांतर करणारा लहान नव्हता.

दुसरा धडा बिंदू चौकाचा. ९ डिसेंबर १९५० रोजी या चौकात महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे उभे राहिले. बाबासाहेब तेव्हा हयात होते, देशाचे कायदेमंत्री होते. या कामात पुढाकार होता तो माधवराव बागल यांचा. बागल चित्रकार होते ही गोष्ट येथे मला फार मोलाची वाटते. रंग आणि रेषा यांचे शिक्षण घेतलेला एक कलावंत ठरवतो की या दोन माणसांची शिल्पे चार भिंतींच्या आत न ठेवता, जेथे भाजीवाला, हमाल, विद्यार्थी आणि मोर्चेकरी सारे जातात अशा चौकात उभी करायची. कोल्हापुरातील कलेच्या इतिहासात या निर्णयाची नोंद एक कलाविषयक निर्णय म्हणून व्हायला हवी. ती राजकीय इतिहासात होते, कलेच्या इतिहासात होत नाही.

या चौकात शिल्पाला प्रेक्षक शोधावा लागत नाही. १४ एप्रिलला वस्त्या-वस्त्यांतून माणसे येतात, लेकरांना खांद्यावर घेऊन पुतळा दाखवतात. सभा होतात, निदर्शने होतात, मोर्चे येथून निघतात, येथे संपतात. प्रेक्षक आणि शिल्प यांच्यात दोरी बांधलेली नाही. पुतळ्याची शिल्पकला म्हणून चिकित्सा करावी असे या हजारोंपैकी किती जणांना वाटते, असे कोणी विचारील. ठीक आहे. पण दालनात आलेल्यांपैकी किती जण चित्रासमोर फोटो काढण्यापलीकडे थांबतात, तेही मोजावे. पाहणे शिकवावे लागते. जेथे माणसे आहेत तेथे ते शिकवणे सोपे असते.

श्रम दिसला की भिंत उतरते

शहरात वेगळे प्रयत्न झालेच नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. 'रंगबहार' ही संस्था टाऊन हॉलच्या बागेत 'मैफल रंगसुरांची' भरवत आली आहे. तेथे चित्रकार आणि शिल्पकार उघड्यावर, लोकांसमोर काम करतात. जोडीला गाणे असते. या उपक्रमाचे मोल मला असे वाटते की येथे कला तयार वस्तू म्हणून न दिसता काम म्हणून दिसते. चिखल मळणारे हात दिसतात, चुकलेली रेषा पुसलेली दिसते, घाम दिसतो. बागेत खेळायला आलेले पोर घटकाभर थांबते, कारण काम करणारा माणूस त्याने रोज पाहिलेला आहे. श्रम दिसला की पाहणारा आणि करणारा यांच्यामधली भिंत थोडी उतरते. त्याच टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेल्या वस्तू आणि जुन्या चित्रकारांची कामे आहेत. बाहेरच्या बागेतली गर्दी आत वळावी यासाठी मात्र पायरीवर उभे राहून बोलावणारा माणूस पाहिजे.

२०२२ मध्ये शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीनिमित्त शहराने कृतज्ञता पर्व केले. ६ मे रोजी शंभर सेकंद सारे शहर स्तब्ध उभे राहिले. त्या वेळी शाहू मिलच्या आवारात प्रदर्शने भरली. १९०६ मध्ये पाया घातलेली आणि पुढे बंद पडलेली ही गिरणी. तेथे माणसे कुटुंबासह आली. याचे मला नवल वाटले नाही. जागा कामगारांची, विषय त्यांचा. कोणाचा बाप तेथे कामाला होता, कोणाचा चुलता. तेथे 'आत गेलं तर चालतंय का' हे विचारण्याची गरज कोणाला पडली नाही. प्रेक्षक नाहीत, सामान्य माणसाला कलेची गोडी नाही, अशी ओरड करणाऱ्यांनी या अनुभवाचा विचार करावा.

श्रमाची गोष्ट निघाली म्हणून कोल्हापुरी चपलेविषयी बोलले पाहिजे. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरात प्राडा या कंपनीने कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि मूळ कारागिरांचे नाव घेतले नाही. महाराष्ट्रभर संताप झाला, आणि तो योग्यच होता. २०१९ पासून या चपलेला भौगोलिक मानांकन आहे. कंपनीलाही शेवटी मूळ मान्य करावे लागले. परंतु जो प्रश्न आपण मिलानला विचारला, तो घरी कधी विचारला काय? चामडे कमावणारे ढोर, चप्पल शिवणारे चांभार, वेणी घालणाऱ्या त्यांच्या घरातील बाया यांचे नाव आपल्या तरी कोणत्या दालनात लागले? चपलेला 'कोल्हापुरी' म्हणजे शहराचे नाव मिळाले. हात कोणाचा हे त्या नावाखाली झाकले गेले. तैलचित्र दालनात आणि चप्पल हस्तकलेच्या स्टॉलवर, ही विभागणी सौंदर्याच्या कसोटीवर झालेली नाही. ज्या कामाला मेलेल्या जनावराचा स्पर्श आहे ते 'कला' या शब्दाबाहेर ठेवण्याची ती युक्ती आहे. बापट कॅम्प आणि शाहूपुरीच्या कुंभारगल्लीतील मूर्तिकारांचेही तसेच. त्यांच्या मूर्तींसमोर सारे शहर हात जोडते, पण त्यांना 'शिल्पकार' म्हणायला जीभ रेटत नाही.

कलेची अशी व्याख्या ज्यांनी केली त्यांनाच ती बदलायला सांगून भागणार नाही. व्याख्या बदलते ती प्रदर्शन कोण भरवतो यावरून.

आपल्या पदरातले माप

येथपर्यंतचे सारे दुसऱ्यांना सांगणे झाले. आता चळवळीने स्वतःकडे पाहिले पाहिजे.

आपली चळवळ शब्दांवर वाढली. 'मूकनायका'पासून आजच्या अनियतकालिकांपर्यंत, जलशापासून आत्मकथनापर्यंत, शब्दाने आपल्याला माणूसपण मिळवून दिले. पण डोळ्यांचे शिक्षण आपण मागे ठेवले. बाबासाहेबांना स्वतःला चित्रकलेची ओढ होती. बी. आर. मडिलगेकर यांच्याकडून ते चित्रकला शिकले. मिटल्या डोळ्यांच्या बुद्धापेक्षा उघड्या डोळ्यांचा, जगाकडे पाहणारा बुद्ध त्यांना जवळचा वाटे. त्यांचे अनुयायी म्हणवणाऱ्या आम्ही जयंतीच्या वर्गणीतला मोठा हिस्सा ध्वनिक्षेपकांच्या भिंतींवर आणि फ्लेक्सवर घालवतो. त्या फ्लेक्सवर बाबासाहेबांपेक्षा इच्छुक उमेदवारांचे चेहरे अधिक असतात, आणि जयंती संपली की तो कोणाच्या तरी छपरावर ताडपत्रीसारखा अंथरला जातो.

चाळीस वर्षांपूर्वीचे हाताने रंगवलेले फलक आज कोठे आहेत? नामांतराच्या लढ्यात काढलेल्या भिंतीवरच्या अक्षरांचे फोटो कोणी जपले? कलापथकांचे पडदे, जुन्या धम्मपरिषदांची भित्तिपत्रके, जयंतीच्या मिरवणुकीतले चित्ररथ यांची नोंद कोणाजवळ आहे? आम्हीही 'कला' हा शब्द दालनाकडूनच उसना घेतला आणि आमच्या घरातली कला कचऱ्यात टाकली. समाजमंदिराला रंग लागतो, फरशी बसते, कोनशिलेवर नावे कोरली जातात. तेथे वर्षातून एकदा चित्रे लावावीत, हे कोणाला सुचत नाही. पेठांतील तालमींनी कुस्तीबरोबर फुटबॉलचे संघ उभे केले आणि मैदाने भरवली. म्हणजे सामूहिक जागा नवे काम अंगावर घेऊ शकते. विहार आणि समाजमंदिरे ते घेऊ शकत नाहीत असे मानण्याचे कारण नाही.

येथे एक धोका सांगून ठेवतो. उद्या दालनवाल्यांना जाग येईल आणि ते एक कोपरा 'दलित कला' म्हणून देऊ करतील. तेथे दुःखाची चित्रे मागितली जातील : झाडू, मैला, फाटके लुगडे, रडणारे पोर. साहित्यात आपण हा अनुभव घेतला आहे. आमच्या वेदनेचे कौतुक झाले आणि आमच्या विचाराकडे पाठ फिरवली गेली. दलित चित्रकाराला फूल काढण्याचा, रंकाळा काढण्याचा, नुसत्या आकारांशी खेळण्याचा पूर्ण अधिकार आहे. तो कोठे उभा आहे हे त्याच्या फुलातूनही कळेल. कोपरा घेऊन समाधान मानले तर आपण पुन्हा गावकुसाबाहेर जाऊ. फरक इतकाच की या वेळी कुंपण वातानुकूलित असेल.

करता येण्यासारखे

मोठ्या मागण्या बाजूला ठेवू. ८ ऑगस्ट २०२४ रोजी केशवराव भोसले नाट्यगृह जळाले तेव्हा शहर हळहळले. शाहू महाराजांनी खासबागेच्या कुस्ती मैदानाला लागून ते नाट्यगृह बांधले होते. नाटक पाहणारा आणि कुस्ती पाहणारा एकाच वाटेने यावा अशी ती रचना. त्या हळहळीत मीही होतो. पण राख झालेली वास्तू पुन्हा उभी करताना त्या शेजाराचा अर्थही पुन्हा उभा करावा लागेल. तोपर्यंत पैशावाचून होण्यासारखी कामे आहेत.

प्रदर्शनाची वेळ मजुराच्या वेळेशी जुळवावी. सहा-सात वाजता कामावरून सुटणाऱ्या बाईला सातला बंद होणारे दालन कधीच दिसणार नाही. चिठ्ठ्या मराठीत लिहाव्यात. जो माणूस चित्रासाठी बसला त्याचे नाव चित्राखाली लिहावे आणि उद्घाटनाला त्याला बोलवावे. फीत त्याने कापली तर आणखी बरे. शहरात हयात असलेल्या पाटी-पेंटरांची कामे गोळा करून त्यांचे एक प्रदर्शन भरवावे, आणि तेथे त्यांनी चौकटी आखून चित्र कसे वाढवतात ते मुलांना करून दाखवावे. कलाविद्यालयांतील मुलांनी वर्षातला एक आठवडा वस्तीतील समाजमंदिरात बसून काम करावे. वस्तीवर उपकार म्हणून नव्हे. त्यांना उभे राहायला नवी जागा मिळावी म्हणून.

शिक्षक मित्रांना विशेष सांगणे आहे. विद्यार्थ्याला प्रदर्शनाला 'पाठवू' नका, त्याच्याबरोबर जा. पहिल्या पिढीतला पदवीधर दारातून का परततो हे आपल्यातील बहुतेकांना पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. शाहू महाराजांनी आपल्या माणसांना गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात बरोबर नेले. आपल्याला उलट दिशेने तेच करायचे आहे : आपल्या मुलांना बरोबर घेऊन दालनात शिरायचे, मोठ्याने मराठीत बोलायचे, चित्रकाराला प्रश्न विचारायचे आणि पटले नाही तर पटले नाही म्हणून सांगायचे.

आणि कार्यकर्त्यांनी येत्या १४ एप्रिलपूर्वी एक काम करावे. आपापल्या वस्तीत जुने हाताने रंगवलेले फलक, मिरवणुकीचे फोटो, भित्तिपत्रके कोणाच्या माळ्यावर पडली असतील ती खाली काढावीत. कोणी रंगवले, कोणत्या साली, कोणत्या कार्यक्रमासाठी, एवढे मागे पेन्सिलीने लिहून ठेवावे. जयंतीच्या दिवशी ती समाजमंदिराच्या भिंतीला लावावीत. ज्याने रंगवले तो म्हातारा हयात असेल तर त्याला खुर्ची द्यावी. तेवढ्याने प्रदर्शन होते. त्याला कलापूरची परवानगी लागत नाही.